ब्रसेल्सचा कायदा, देशाचा आराखडा, गावाचा बांध

युरोपीय संघाच्या कारभाराची घडी घालून देणाऱ्या करारात 192 क्रमांकाचं एक कलम आहे. पर्यावरणाचे कायदे कसे करायचे ते त्यात सांगितलं आहे. हवा, रसायनं, सांडपाणी यांवरचे बहुतेक कायदे सदस्य देशांच्या बहुमताने आणि युरोपीय संसदेच्या संमतीने होतात. पण त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात काही विषय बाजूला काढून ठेवलेत: नगररचना, जमिनीचा वापर आणि पाण्याच्या प्रमाणाचं नियोजन, म्हणजे नदीतलं किती पाणी कुणी उचलायचं. या विषयांना हात घालायचा तर 27 च्या 27 देशांचं एकमत लागतं. एकाने मान हलवली नाही की विषय संपला.

आता हवामान बदलाशी जुळवून घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याची यादी करून बघा. नदीकाठी घरं बांधू द्यायची की नाही. पुराला पसरायला जागा कुठे ठेवायची. दुष्काळात पाणी मक्याला द्यायचं की शहराला. समुद्र आत येतोय तिथे बांध उंच करायचा की वस्ती मागे न्यायची. यातले जवळजवळ सगळे प्रश्न त्या बाजूला काढलेल्या खणातच पडतात. युरोपात ब्रसेल्स (म्हणजे संघाचं मुख्यालय) आणि सदस्य देश यांच्यातलं हवामान अनुकूलनाचं, म्हणजे या जुळवून घेण्याचं, काम असं अडखळत का चालतं, याचं अर्धं उत्तर या पोटकलमात आहे.

उरलेलं अर्धं उत्तर मोजमापात आहे. उत्सर्जन कमी करणं अवघड असलं तरी मोजायला सोपं असतं. पोलंडमधला एक टन कार्बन आणि पोर्तुगालमधला एक टन कार्बन सारखाच. म्हणून 1990 च्या तुलनेत 2030 पर्यंत निव्वळ उत्सर्जन किमान 55 टक्क्यांनी घटवायचं, असं एकच लक्ष्य सगळ्या संघासाठी ठरवता येतं आणि त्याचे वाटे पाडता येतात. अनुकूलनाला असं एकक नाही. रॉटरडॅमचा बांध किती उंच आणि सेव्हिलमधल्या म्हाताऱ्या माणसांची घरं उन्हाळ्यात किती गार, या दोन गोष्टींची बेरीज होत नाही. लक्ष्यच ठरवता आलं नाही तर कुणाला जबाबदार धरायचं, हा प्रश्न मग वर्षानुवर्षं लोंबकळत राहतो.

कायदा काय करायला लावतो

देशपातळीवरचं पहिलं अनुकूलन धोरण फिनलंडने 2005 मध्ये आणलं. संघाचं पहिलं धोरण आलं 2013 मध्ये. त्यात देशांना आराखडे करायचं आवाहन होतं, सक्ती नव्हती. फेब्रुवारी 2021 मध्ये नवं धोरण आलं आणि त्याच वर्षी 29 जुलैपासून युरोपीय हवामान कायदा लागू झाला. त्याच्या 5 व्या कलमाने अनुकूलन पहिल्यांदा कायद्याच्या चौकटीत आणलं. प्रत्येक देशाने अनुकूलनाचं धोरण आणि आराखडा करायचा, तो अमलात आणायचा आणि त्यात सतत प्रगती दाखवायची. आकडा मात्र त्या कलमात एकही नाही.

मग सक्ती कशाची आहे? सक्ती आहे ती कामाच्या पद्धतीची. 2021 पासून दर दोन वर्षांनी 15 मार्चपर्यंत प्रत्येक देशाने अहवाल द्यायचा: कोणते धोके आहेत, कोणावर आहेत, कायदे आणि संस्था कोणत्या, देखरेख कशी होते, शेजारी देशांशी काय ठरलं आहे. हे अहवाल कोपनहेगनमधल्या युरोपीय पर्यावरण संस्थेकडे जातात. त्यांवरून आणि इतर माहितीवरून युरोपीय आयोग, म्हणजे संघाची कार्यकारी संस्था, दर पाच वर्षांनी प्रत्येक देशाची पावलं पुरेशी आहेत का ते तपासतो. पुरेशी नसतील तर शिफारस करतो. त्या देशाने सहा महिन्यांत सांगायचं असतं की शिफारशीची दखल कशी घेणार. दखल घेणार नसेल तर का नाही, तेही लेखी द्यायचं.

हे वाचून कुणाला वाटेल की यात दात कुठे आहेत? दात कमीच आहेत. दंड नाही, मुदत ओलांडली म्हणून आपोआप काही होत नाही. तरी या पद्धतीची किंमत कमी लेखू नये. "आम्ही हे करणार नाही, कारण अमुक" असं सरकारला कागदावर लिहून द्यावं लागलं की देशातल्या विरोधी पक्षाला, पत्रकारांना, शेतकरी संघटनेला तो कागद हातात धरता येतो. ब्रसेल्सचा खरा दबाव बहुतेक वेळा असा, घरच्याच लोकांच्या हातून येतो.

अडचण येते ती अहवाल लिहिणाऱ्याच्या टेबलावर. अहवाल साधारणपणे पर्यावरण मंत्रालय लिहितं. पाटाचं पाणी कृषी खात्याकडे, बचावकार्य गृह खात्याकडे, रुग्णालयांतले उष्माघाताचे आकडे आरोग्य खात्याकडे आणि पैसा अर्थ खात्याकडे. ज्याच्या हातात काहीच नाही त्यानेच सगळ्यांच्या वतीने उत्तर द्यायचं. त्यामुळे अहवालात योजनांची नावं भरपूर सापडतात. त्यांनी धोका किती कमी झाला, हे क्वचित.

मार्च 2024 मध्ये युरोपीय पर्यावरण संस्थेने पहिलं सर्व युरोपासाठीचं हवामान धोक्यांचं मूल्यमापन प्रसिद्ध केलं. त्यात 36 मोठे धोके मांडले आहेत. 21 धोक्यांवर आत्ताच अधिक काम हवं, आणि 8 धोके विशेष तातडीचे. त्या तक्त्यांत प्रत्येक धोक्यापुढे एक रकाना आहे: या धोक्याची जबाबदारी कुणाची, संघाची, देशांची की दोघांची? बहुतेक ठिकाणी उत्तर आहे, दोघांची. प्रामाणिक उत्तर आहे ते. पण सामाईक विहिरीतून पाणी सगळे काढतात आणि गाळ काढायची वेळ आली की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, हे ज्याने पाहिलं आहे त्याला त्या रकान्यात काय दडलंय ते लगेच कळेल.

नदीवर हा कारभार कसा दिसतो

दोन पातळ्यांमधलं सगळ्यात पक्कं काम नद्यांवर झालं आहे, म्हणून तिथे जरा थांबू. 2002 मध्ये एल्ब आणि डॅन्यूबच्या खोऱ्यांत महापूर आले. त्यानंतर 2007 मध्ये संघाने पूर निर्देश केला. निर्देश म्हणजे असा कायदा, ज्यात काय साधायचं ते संघ ठरवतो आणि कसं साधायचं ते प्रत्येक देश आपल्या कायद्याने ठरवतो. या निर्देशाच्या तीन पायऱ्या आहेत. आधी पूरधोक्याची प्राथमिक पाहणी, मग नकाशे, मग व्यवस्थापन आराखडा. पहिल्या फेरीच्या मुदती 2011, 2013 आणि 2015 च्या डिसेंबरच्या 22 तारखा होत्या. त्यानंतर दर सहा वर्षांनी तिन्ही पायऱ्यांची उजळणी, आणि उजळणीत हवामान बदलाचा परिणाम धरायचाच.

नकाशे तीन प्रकारच्या पुरांचे काढायचे: वारंवार येणारा, साधारण शंभर वर्षांतून एकदा किंवा त्याहून कमी वेळा येणारा, आणि अतिदुर्मीळ. आपल्याकडे पूररेषा आखताना 25 वर्षांतून एकदाच्या पुराला निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदाच्या पुराला लाल रेषा धरतात. तर युरोपचा मधला नकाशा म्हणजे साधारण आपली लाल रेषा, आणि तिसरा तिच्याही पलीकडचा.

या निर्देशातलं सगळ्यात मोलाचं वाक्य 7 व्या कलमाच्या चौथ्या पोटकलमात आहे. आपल्या उपायामुळे त्याच खोऱ्यातल्या दुसऱ्या देशात, वरच्या अंगाला असो की खालच्या, पुराचा धोका लक्षणीय वाढणार असेल, तर दोन्ही देशांत समन्वय आणि सहमती झाल्याशिवाय तो उपाय आराखड्यात घेता येत नाही. अलमट्टीच्या पाणीपातळीवरून कोल्हापूर-सांगलीत जी चर्चा होते ती ऐकलेल्या वाचकाला या वाक्याचं वजन वेगळं सांगायला नको. उंच बांध घालणारा आपलं पाणी शेजाऱ्याकडे ढकलतो. इथे कायदा त्याला आधी शेजाऱ्याशी बोलायला लावतो.

आता याच व्यवस्थेत छिद्रं कुठे राहतात ते आर नदीच्या खोऱ्यात दिसलं. आर ही जर्मनीतली, ऱ्हाईनला मिळणारी छोटी नदी. तिचं पाणलोट क्षेत्र सुमारे 900 चौरस किलोमीटर. 14 जुलै 2021 च्या रात्री तिला पूर आला आणि त्या एका खोऱ्यात 130 हून अधिक माणसं गेली.

नकाशे नव्हते असं नाही, होते. पण ते आल्टेनार गावाजवळच्या पाणीपातळी मापकाच्या 1947 पासूनच्या नोंदींवर बेतलेले होते. याच खोऱ्यात 1804 आणि 1910 मध्ये मोठे, जीवघेणे पूर आले होते. मापक नंतर बसला म्हणून ते पूर हिशेबात आलेच नाहीत. त्यामुळे नकाशातला शंभर वर्षांचा पूर खऱ्यापेक्षा बराच लहान निघाला. मापकाने तोवर पाहिलेली सगळ्यात मोठी पातळी 2016 ची, 3.71 मीटर. 2021 च्या त्या संध्याकाळी साडेपाच मीटरच्या वरचा आकडा पाठवून मापक बंद पडला. पाणी शेवटी सुमारे 10 मीटरपर्यंत चढलं असा नंतरचा अंदाज आहे. नकाशा काढा हे निर्देशाने सांगितलं होतं. त्यात किती जुना पूर धरायचा, चर्चच्या भिंतीवरच्या पूरखुणा आणि जुन्या दप्तरांतल्या नोंदी घ्यायच्या की नाही, हे देशावर आणि तिथल्या राज्यावर सोडलं होतं. छिद्र नेमकं तिथे होतं.

दुसरं छिद्र इशाऱ्यात. 2002 च्या पुरानंतरच संघाने युरोपीय पूरइशारा यंत्रणा उभारायला घेतली. 2012 पासून ती नियमित चालते. सुमारे दहा दिवस आधीपर्यंतचा अंदाज ती देते. जुलै 2021 मध्ये 10 तारखेपासून ऱ्हाईन आणि मोझ या नद्यांच्या खोऱ्यांसाठी तिने इशारे पाठवायला सुरुवात केली होती. पण हे इशारे जनतेला जात नाहीत. ते जातात राष्ट्रीय आणि प्रादेशिक जलविज्ञान संस्थांना. यामागे कारण आहे. एकाच पुराबद्दल ब्रसेल्सने एक आकडा सांगायचा आणि स्थानिक कार्यालयाने दुसरा, असं झालं तर माणसं कुणाचंच ऐकत नाहीत. म्हणून जनतेशी बोलायचा हक्क देशाचा. शिवाय ही यंत्रणा मोठ्या नद्यांसाठी बांधलेली आहे. अधिकृत पूरसूचना साधारण 2,000 चौरस किलोमीटरहून मोठ्या खोऱ्यांसाठी निघते. आर त्यात बसतच नव्हती.

पुढचा प्रवास देशांतर्गत. जर्मनीत पावसाचा इशारा केंद्राची हवामान संस्था देते, पुराचा इशारा राज्य देतं, आणि लोकांना हलवायचा निर्णय जिल्हा घेतो. आरच्या जिल्ह्यात नदीच्या दोन्ही काठांवरचे 50 मीटरपर्यंतचे रहिवासी हलवण्याचं आवाहन निघालं ते रात्री 11 नंतर. तोवर वरच्या अंगाची गावं पाण्यात गेलेली होती. परिसरातल्या सगळ्या मोबाइलवर एकाच वेळी संदेश वाजवायची सोय जर्मनीत तेव्हा नव्हती; भर होता अॅपवर. संघाच्या दूरसंचार संहितेने 21 जून 2022 पर्यंत प्रत्येक देशाला मोबाइल इशाऱ्याची व्यवस्था करायला सांगितलं होतं, पण तेवढंच परिणामकारक असेल तर अॅपही चालेल, अशी मोकळीक ठेवली होती. जर्मनीत ती मोबाइल सोय फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झाली.

या साखळीत प्रत्येक कडी आपापल्या नियमाप्रमाणे वागली असं गृहीत धरलं, तरी निकाल बदलत नाही. कड्या जिथे एकमेकींत अडकायला हव्यात तिथला खिळा कुणाच्याच यादीत नव्हता. दहा दिवस आधीचा धूसर अंदाज आणि दोन तास आधीचा "घर सोडा" हा हुकूम, यांच्या मधली पायरी कुणी आणि कोणत्या पातळीला चढायची, हे आधी लिहून ठेवावं लागतं. अनुकूलनाचा आराखडा तपासताना माझ्या मते सगळ्यात आधी हेच शोधावं.

पाणी साठवतो एक, वाचतो दुसरा

ऱ्हाईनवर मिळून काम करायची सात दशकांहून जुनी सवय आहे. स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स यांनी 1950 मध्ये ऱ्हाईन संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन केला. युरोपीय संघ पुढे त्यात सामील झाला. स्वित्झर्लंड संघात नाही, तरी या आयोगात आहे. म्हणजे नदीची संस्था संघापेक्षा वेगळी आणि काही बाबतीत त्याहून मोठी. समन्वय म्हणजे फक्त वर-खाली जाणारा जिना नसतो, असे आडवे पूलही लागतात.

ऱ्हाईनच्या वरच्या भागात विसाव्या शतकात बंधारे आणि कालवे बांधले, पूरमैदानं कापली गेली. पूर पूर्वीपेक्षा लवकर खाली पोचू लागला. त्यावर उतारा म्हणून जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याने 13 पूरसाठवण क्षेत्रांचा कार्यक्रम आखला. एकूण साठवण 16.73 कोटी घनमीटर, आपल्या भाषेत सुमारे 6 टीएमसी. पूर आला की दारं उघडून शेतं आणि जंगलं भरू द्यायची, शिखर ओसरलं की पाणी परत नदीत सोडायचं. वाचतात खालच्या अंगाची शहरं. पाणी घेतं ते वरच्या अंगाचं गाव.

इथे काय बिघडतं ते बघा. गावाला भीती असते की भूजल वर येईल आणि तळघरं ओली होतील. झाडं अनेक दशकं कोरड्या जमिनीवर वाढलेली, त्यांना अचानक आठवडाभर पाण्यात उभं केलं तर मरतील. म्हणून अभियंत्यांनी असा तोडगा काढला की मोठ्या पुराची वाट न बघता छोट्या पुरांचं पाणीही अधूनमधून आत घ्यायचं, म्हणजे जंगल पाण्याला सरावेल. तळघरांसाठी भूजल उपसायच्या विहिरी खणायच्या. उपाय शास्त्रीय आहे, पण गावकऱ्यांना तो उलटाच वाटतो: "पूर नसताना पाणी कशाला सोडता?" जनसुनावण्या, दावे, फेरआखणी यांत वर्षं गेली. कार्यक्रम 1990 च्या दशकातला. सगळी 13 क्षेत्रं अजून तयार नाहीत. आंतरराष्ट्रीय आयोगाच्या तक्त्यातला आकडा गावच्या तळघरापाशी येऊन अडतो, तो असा.

खाली नेदरलँड्समध्ये 1995 च्या पुरात सुमारे अडीच लाख माणसं हलवावी लागली. बांध फुटले नाहीत, पण धडा मिळाला. तिथे "नदीला जागा" हा कार्यक्रम झाला: 30 हून अधिक ठिकाणी नदीचं पात्र रुंद केलं, खर्च सुमारे 2.3 अब्ज युरो. जर्मनीतून ऱ्हाईन जिथे देशात शिरते त्या लोबिथपाशी सेकंदाला 16,000 घनमीटर पाणी आलं तरी पेलायचं, हे उद्दिष्ट. म्हणजे साडेपाच लाखांहून अधिक क्युसेक. नायमेखन शहरासमोर लेंट इथे नदी चिंचोळी होती. तिथला बांध 350 मीटर मागे घेतला, सुमारे 50 घरं हलवली आणि मोकळ्या जागेत नदीला दुसरा प्रवाह खोदून दिला. जुना बांध आणि नवा बांध यांच्यात आता एक बेट आहे.

नियम पाळला, नदी आटली

पुराबाबत वरचं बंधन आहे, तसं पाण्याच्या वाट्याबाबत नाही. 192 व्या कलमातला अपवाद आठवा. तिथे देशच आपसांत करार करतात. स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यात 1998 चा अल्बुफेरा करार आहे. तागुस नदीचं पाणी स्पेनने सेदियो धरणापाशी वर्षाला 2,700 दशलक्ष घनमीटर सोडायचं असं ठरलं. टीएमसीत मोजलं तर सुमारे 95, म्हणजे कोयना धरणाच्या क्षमतेपेक्षा थोडं कमी. दुष्काळी वर्षांसाठी सवलती आहेत. 2008 मध्ये तिमाही आणि आठवड्याचे किमान प्रवाहही जोडले गेले.

पण मोठा हिस्सा वर्षाच्या हिशेबात राहिला, आणि ते जलवर्ष संपतं 30 सप्टेंबरला. 2019 च्या उन्हाळ्यानंतर स्पेनकडे हिशेबात बरंच पाणी देणं उरलं होतं. ते वर्षाच्या अखेरीस सेदियोमधून भराभर सोडलं गेलं. कागदावर वाटा पोचला. धरण मात्र खाली गेलं आणि त्यात मिळणाऱ्या पोन्सुल, सेव्हेर यांसारख्या नद्यांची पात्रं उघडी पडली. नदीला पाणी वर्षातून एकदा लागत नाही, रोज लागतं. हवामान स्थिर होतं तेव्हा वार्षिक सरासरीवर बेतलेला करार चालून गेला. पाऊस बेभरवशाचा झाला की तोच करार नदीच्या मुळावर येतो. असे करार करताना मोजणीचा कालखंड जितका छोटा ठेवाल तितका दुष्काळात कमी घोळ होतो.

पैसा: वरून किती, आणि कोणत्या अटीवर

आपत्तीनंतर देशांना मदत करायला 2002 पासून युरोपीय ऐक्यनिधी आहे. मोठी आपत्ती म्हणजे थेट नुकसान 2011 च्या किमतींत 3 अब्ज युरो किंवा देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.6 टक्के, यांतलं जे कमी असेल त्याहून जास्त. एका प्रदेशापुरती आपत्ती असेल तर साधारणपणे त्या प्रदेशाच्या सकल उत्पन्नाच्या 1.5 टक्के. पहिलं नुकसान झाल्यापासून 12 आठवड्यांत अर्ज करावा लागतो. अपेक्षित मदतीच्या 25 टक्क्यांपर्यंत, आणि जास्तीत जास्त 10 कोटी युरो, आगाऊ मागता येतात. पैसा रस्ते, पूल, पाणीपुरवठा, तात्पुरता निवारा, सफाई यांसाठी. खाजगी घराच्या भरपाईसाठी नाही. मिळाल्यापासून 18 महिन्यांत खर्च करायचा. आणखी एक अट फारशी कुणाला माहीत नसते: आपत्ती टाळण्याबाबतचा संघाचा कायदा मोडल्याचा निकाल न्यायालयाने दिला असेल आणि तशीच आपत्ती पुन्हा आली, तर आयोग मदत कापू किंवा नाकारू शकतो.

रकमेचा अंदाज यावा म्हणून: 2021 च्या पुरासाठी जर्मनीला या निधीतून सुमारे 61 कोटी युरो मिळाले. जर्मनीने स्वतः पुनर्बांधणीसाठी उभारलेला निधी 30 अब्ज युरोंपर्यंतचा. म्हणजे वरून आलेला पैसा दोन टक्क्यांच्या आसपास. छोट्या देशांना हा आधार मोठा वाटतो, श्रीमंत देशांना प्रतीकात्मक. आणि आपत्ती अशाच वाढत गेल्या तर निधी पुरणार नाही. त्या 8 तातडीच्या धोक्यांत या ऐक्यनिधीचं टिकून राहणंही धरलं आहे.

खरा जोर आपत्तीआधीच्या पैशात आहे. 2021 ते 2027 च्या प्रादेशिक विकास निधीतून अनुकूलनाच्या कामांना पैसे हवे असतील, तर देशाकडे किंवा प्रदेशाकडे आपत्ती जोखीम व्यवस्थापनाचा आराखडा असायला हवा, आणि तो अनुकूलन धोरणाशी जुळता हवा. नसेल तर काम करा, बिलं पाठवा, आयोग परतफेड करत नाही. ज्या देशांत हा निधी सार्वजनिक बांधकामाचा मोठा वाटा उचलतो तिथे ही अट हवामान कायद्याच्या 5 व्या कलमापेक्षा जास्त काम करून घेते, कारण तिथे अर्थ खातं स्वतः विचारू लागतं की आराखडा कुठपर्यंत आला.

दुसरी अट प्रकल्पावर. किमान पाच वर्षं टिकणाऱ्या बांधकामाची हवामान-तपासणी करायची. आधी चाळणी: हा प्रकल्प उष्णता, पूर, वादळ यांपैकी कशाला नाजूक आहे, आणि ती जागा कशाच्या तोंडाशी आहे. दोन्ही उत्तरं चिंताजनक असतील तरच दुसरा टप्पा: शक्यता किती, परिणाम किती, उपाय कोणता, त्यावर देखरेख कुणाची. चुकतं ते वेळेत. डिझाइन पूर्ण झाल्यावर सल्लागाराकडून तपासणीचा कागद जोडला की पुलाची उंची बदलत नाही. फाइल मात्र जाड होते. जागा ठरवायच्या आधी चाळणी झाली तरच तिचा उपयोग.

युरोपीय लेखापरीक्षकांनी 2024 मध्ये फ्रान्स, एस्टोनिया, ऑस्ट्रिया आणि पोलंडमधली कामं तपासली. 36 प्रकल्पांपैकी 19 प्रकल्पांनी हवामानाच्या धोक्याला नीट हात घातला होता. काही ठिकाणी उपाय दूरच्या हिताच्या विरोधात गेले. कमी पाण्याच्या पिकांकडे वळायच्या ऐवजी सिंचन वाढवलं. बर्फ कमी पडतो म्हणून स्कीच्या उतारांवर कृत्रिम बर्फाची यंत्रं आणली. वस्ती मागे न्यायच्या ऐवजी बांध घातले. तपासनीसांनी 400 नगरपालिकांनाही प्रश्न विचारले. अनुकूलनाची धोरणं आणि आराखडे बहुतेकांना ठाऊकच नव्हते, आणि संघाने तयार केलेली माहितीची साधनं त्या वापरत नव्हत्या. राजधानीतून दर दोन वर्षांनी अहवाल वर जात होता. खाली पालिकेपर्यंत काही झिरपलं नव्हतं.

घरातली व्यवस्था

म्हणून शेवटी देशाच्या आतल्या जोडणीवर सगळं येऊन ठेपतं, आणि त्यात नेदरलँड्सकडून शिकण्यासारखं आहे. तिथल्या 2012 च्या डेल्टा कायद्याने तीन गोष्टी एकत्र बांधल्या. पहिली, एक डेल्टा आयुक्त, ज्याचं काम मंत्रालयं, प्रांत, पालिका आणि जलमंडळं (पाणी आणि बांध सांभाळणाऱ्या स्थानिक संस्था) यांना एका टेबलाशी बसवणं. दुसरी, दरवर्षीचा डेल्टा कार्यक्रम, जो सप्टेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी अर्थसंकल्पासोबतच संसदेत मांडला जातो, म्हणजे काम आणि पैसा एकाच दिवशी समोर येतात. तिसरी, वेगळा डेल्टा निधी, जो निवडणुकीच्या वर्षात सहज दुसरीकडे वळवता येत नाही. सोबत एक मोजता येणारं माप: 2050 पर्यंत बांधामागे राहणाऱ्या कुणाचाही पुरात मृत्यू व्हायची वार्षिक शक्यता एक लाखात एकाहून जास्त नसावी. सगळ्या युरोपासाठी जे एकक सापडत नाही ते एका देशाने, एका धोक्यापुरतं, ठरवून टाकलं.

खर्चाची वाटणी तर बारकाईने बघावी अशी. देशात 21 जलमंडळं आहेत. त्यांच्या स्वतंत्र निवडणुका होतात, आणि ती स्वतः कर बसवतात. मुख्य बांधांच्या मजबुतीकरणाचा निम्मा खर्च केंद्र देतं, निम्मा सगळी जलमंडळं मिळून. या सामाईक पैशातून प्रकल्पाचे 90 टक्के भागतात. ज्या मंडळाच्या हद्दीत बांध आहे त्याला 10 टक्के स्वतःच्या खिशातून घालावे लागतात. सगळाच खर्च दुसऱ्याने केला असता तर प्रत्येक मंडळाने आपला बांध गरजेपेक्षा महाग बांधला असता. सगळाच त्याच्यावर टाकला असता तर गरीब मंडळाचा बांध कच्चा राहिला असता, आणि पुराचं पाणी नेमकं तिथूनच आत आलं असतं.